तिसरं नाव : रीटा लेवी-मोन्ताल्चिनीचं आत्मचरित्र वाचताना

रीटा लेवी-मोन्ताल्चिनी हे नाव तुम्हांला आठवत नसेल, पण तिची गोष्ट तुमच्या फोनवर कधीतरी येऊन गेली असण्याची शक्यता आहे. कृष्णधवल फोटो, पांढरा कोट, मागे व्हायोलिन. मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंना विद्यापीठांतून हाकललं. मग तिने स्वतःच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारं बनवली, कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग केले आणि शेवटी नोबेल मिळवलं. खाली ठळक अक्षरांत शिकवण: कारणं देऊ नका, कामाला लागा.

यातली माहिती खरी आहे. खोली खरी, सुया खऱ्या, अंडी खरी, 1986चं नोबेलही खरं. गडबड आहे ती शेवटच्या ओळीत. कारण ती शिकवण या बाईने आयुष्यभर जे शोधून काढलं त्याच्या थेट विरोधात जाते. आणि गंमत अशी, की तिच्या आत्मचरित्रालाही तो विरोध पुरता पेललेला नाही. हे पुस्तक मला फार आवडतं. माझं भांडण या एकाच जागी आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

पुस्तक इटालियनमध्ये 1987 साली आलं, म्हणजे नोबेलच्या पाठोपाठ. लुइजी अतार्दीने केलेला इंग्रजी अनुवाद 'इन प्रेज ऑफ इम्परफेक्शन' 1988चा. मी वाचलंय ते हे इंग्रजी भाषांतर. शीर्षकाचा अर्थ 'अपूर्णतेची थोरवी' असा काहीसा होईल. सुरुवातीलाच रीटा आपला सिद्धान्त मांडून मोकळी होते: संशोधनात यश मिळायला फार तल्लख बुद्धी लागते असं नाही, काटेकोरपणाही तितकासा लागत नाही. दोन गोष्टी लागतात. एक, कामात स्वतःला पूर्ण झोकून देणं. दुसरी, समोरच्या अडचणींना कमी लेखण्याची सवय. अडचण किती मोठी आहे हे नीट कळलेली हुशार माणसं तिच्या वाटेला जातच नाहीत, आणि ज्यांना कळलेलं नसतं ती ती सोडवून बसतात.

वाचायला हे फार छान वाटतं. स्पर्धा परीक्षांच्या क्लासबाहेरच्या फ्लेक्सवरही शोभेल. म्हणूनच मी या वाक्यांकडे जरा संशयाने बघत पुस्तक वाचलं.

दोन लेवी

रीटाचा जन्म तुरीनचा, 22 एप्रिल 1909. वडील अदामो लेवी इंजिनिअर, आई आदेले मोन्ताल्चिनी चित्रकार. जुळी बहीण पाओला, तीही पुढे चित्रकार झाली. तुरीनमध्ये लेवी पुष्कळ, त्यामुळे रीटाने पुढे आईचं माहेरचं आडनाव आपल्या नावाला जोडून घेतलं.

घर सुखवस्तू, सुसंस्कृत आणि वडिलांच्या शब्दावर चालणारं. मुलींनी विद्यापीठात जाऊन करिअर करावं हे अदामो लेवीला पटत नव्हतं, कारण पत्नी आणि आई म्हणून असलेल्या कर्तव्यांच्या ते आड येईल असं त्याचं मत. विशीतली रीटा घरात बसून होती. तेव्हा लहानपणापासून घरात असलेली, मुलींना सांभाळणारी जोवान्ना कॅन्सरने गेली. रीटाने डॉक्टर व्हायचं ठरवलं, आधी आईशी आणि मग वडिलांशी बोलली, आणि नाराजीने का होईना, पण परवानगी मिळाली. आठ महिन्यांत लॅटिन, ग्रीक, गणित असं सगळं भरून काढून तिने वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळवला. 1936 साली पदवी. वडील तोवर हयात नव्हते. 1932 सालीच ते गेले.

वडिलांवरची पानं या पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत असं मला वाटतं. असल्या आत्मचरित्रात बाप म्हणजे सहसा पार करायचा पहिला अडथळा असतो. रीटा त्याला खलनायक करत नाही. त्याचा रागीट स्वभाव, त्याची कामातली ऊर्जा, त्याच्याविषयी वाटणारी भीती आणि आपल्यात त्याचं किती उतरलंय याची उशिरा झालेली जाणीव हे सगळं ती एकत्र ठेवते. त्याला माफही करत नाही आणि शिक्षाही देत नाही. आपल्याकडे वडिलांविषयी लिहिताना एक तर पूजा होते नाही तर हिशेब चुकता होतो, त्यामुळे हा तिसरा सूर मला नवा वाटला.

दुसरा लेवी म्हणजे तिचा शिक्षक, ज्युसेप्पे लेवी. हा तिचा नातेवाईक नव्हे. तुरीनच्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, ज्यू, फॅसिझमचा उघड विरोधक आणि भयंकर तापट. त्याच्या हाताखाली जवळपास एकाच काळात तिघं शिकली: साल्वादोर लुरिया, रेनातो दुल्बेको आणि रीटा. लुरियाला 1969 साली नोबेल मिळालं, दुल्बेकोला 1975 साली आणि रीटाला 1986 साली. एका शिक्षकाचे तीन विद्यार्थी, तीन नोबेलं.

या ज्युसेप्पे लेवीचं आणखी एक चित्र साहित्यात आहे, आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. कादंबरीकार नतालिया गिन्झबर्ग ही त्याची मुलगी. तिच्या 1963च्या 'लेस्सिको फामिल्यारे' या पुस्तकात जेवणाच्या टेबलावर मुलांवर गरजणारा, सुट्टीत सगळ्यांना डोंगर चढायला फरफटत नेणारा, येताजाता लोकांना मूर्ख ठरवणारा बाप आहे, तो हाच. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. मुलीने आवाज पकडलाय: तो काय बोलायचा, कोणते शब्द पुन्हापुन्हा वापरायचा. विद्यार्थिनीने हात पकडलेत: तो काप कसे घ्यायचा, पेशींना चांदीच्या क्षारांनी कसं रंगवायचा, कामातली चूक दिसली की कसा भडकायचा. एकच माणूस दोन पुस्तकांत दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी लक्षात राहतो. रीटाचं लेखन नतालियाइतकं तालेवार नाही, पण माणूस कामातून दाखवण्याचं कसब तिच्याकडे आहे.

लेवीने तिला दिलेलं पहिलं काम म्हणजे उंदराच्या पिल्लांच्या मज्जागंडांमधल्या पेशी मोजणं. मज्जागंड म्हणजे पाठीच्या कण्याजवळचे मज्जापेशींचे पुंजके. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांमध्ये पेशींची संख्या सारखीच असते का, हा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्तास मोजत बसायचं. रीटाला हे काम कंटाळवाणं आणि निरर्थक वाटायचं, आणि ती ते लपवत नाही. त्यानंतरचं काम होतं माणसाच्या गर्भात मेंदूच्या वळ्या कशा पडतात हे बघायचं. त्यासाठी मानवी गर्भ लागणार, आणि गर्भपात गुन्हा असलेल्या देशात ते आणायचे कुठून? ते काम सोडावंच लागलं.

मोजणीची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच उपयोगी पडते.

पिसण्याचं काम

1938 साली इटलीत वंशवादी कायदे आले. ज्यूंना विद्यापीठांत नोकरी नाही, संशोधन नाही. ज्युसेप्पे लेवीची प्राध्यापकी गेली. रीटा काही काळ ब्रसेल्सला राहिली आणि जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरायच्या आधी परत आली. तुरीनमधल्या घरात, आपल्या छोट्याशा खोलीत तिने टेबल मांडलं. एक सूक्ष्मदर्शक, अंडी उबवायला इन्क्युबेटर, घड्याळजीचे चिमटे, डोळ्यांच्या ऑपरेशनची बारीक कात्री आणि दगडावर घासून धारदार केलेल्या साध्या शिवणाच्या सुया. थोड्याच दिवसांत बेल्जियमहून परतलेला लेवीही येऊन मिळाला, आता तिचा मदतनीस म्हणून. खोली एवढीशी आणि लेवी धिप्पाड. त्याचा धक्का लागून काचपट्ट्या पडतील ही धास्ती तिला कायम असायची.

तुरीनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा सायरन वाजला की ती सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या घेऊन तळघरात उतरायची. पुढे सगळं कुटुंब गावाकडच्या घरात गेलं. तिथे ती सायकलवर शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून घरात लहान मुलं आहेत, त्यांच्यासाठी अंडी द्या असं सांगायची. आणि खुराड्यात कोंबडा आहे ना, हेही विचारायची, कारण फलित अंडी मुलांना जास्त पौष्टिक! प्रयोगातून उरलेल्या अंड्यांचं मग जेवणात ऑम्लेट व्हायचं. भाऊ जीनोला एकदा कळलं की ही अंडी कुठून आलीत. त्यानंतर त्याची भूक मेली.

हे सगळं ती खुसखुशीत लिहिते. रीलवाल्यांना हवं ते इथवर मिळतं. पण ती त्या अंड्यांमध्ये शोधत काय होती हे रीलमध्ये कधीच नसतं, आणि खरी गोष्ट तर तिथे आहे.

कोंबडीचं पिल्लू अंड्यात 21 दिवस वाढतं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास गर्भाच्या अंगावर पंखाच्या आणि पायाच्या जागी बारीकशा कळ्या फुटतात. एका बाजूची कळी कापून टाकली आणि गर्भ तसाच वाढू दिला, तर त्या पंखाकडे तंतू पाठवणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशींचं काय होतं? अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत काम करणारा व्हिक्टर हॅम्बर्गर हा प्रश्न विचारत होता. 1934 साली त्याने दाखवून दिलं होतं की त्या बाजूच्या पेशी फार कमी असतात. त्याचं स्पष्टीकरण असं: पंखाच्या ऊतींकडून कसला तरी संदेश येतो, त्यामुळे कच्च्या पेशींच्या मज्जापेशी होतात. पंखच नसेल तर संदेश नाही, म्हणून मज्जापेशी तयारच होत नाहीत.

रीटाने हॅम्बर्गरचा तो लेख 1940 साली गुरं वाहून नेण्याच्या डब्यातून प्रवास करताना वाचला. प्रयोग तिने तसाच पुन्हा केला, पण एका जागी वेगळं केलं. शेवटी काय उरलं एवढंच न बघता तिने वेगवेगळ्या दिवसांचे गर्भ घेतले आणि प्रत्येक टप्प्यावर पेशी मोजल्या. तेच लेवीने शिकवलेलं कंटाळवाणं काम. तिला दिसलं की पेशी तयार होतात. त्यांची वाढ होते, त्यांचे तंतू फुटतात आणि पंखाच्या दिशेने निघतातही. मग त्या मरतात. समोर पंख नसतो, तिथून जे काही मिळायला हवं ते मिळत नाही, म्हणून त्या जगत नाहीत.

फरक बारीक वाटतो. तो बारीक नाही. पहिल्या स्पष्टीकरणात पेशी घडतच नाही. दुसऱ्यात ती घडते, कामाला निघते आणि उपाशी मरते.

हा निष्कर्ष इटालियन नियतकालिकांत छापून येणं शक्य नव्हतं, कारण लेखक ज्यू. तो परदेशी नियतकालिकांत छापला गेला. युद्ध संपल्यावर हॅम्बर्गरने तो वाचला. आपल्याच प्रयोगावरून कुणीतरी आपल्या उलट निष्कर्ष काढलाय हे बघून त्याने काय करावं? त्याने तिला एका सेमिस्टरसाठी सेंट लुइसला बोलावलं. ती 1947 साली गेली, आणि तिच्या कामाचं घर पुढे तीसेक वर्षं तिथेच राहिलं.

सेंट लुइसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तिने पाहिलेल्या दृश्याचं वर्णन हा पुस्तकाचा कळस आहे. कुठलीही कळी न कापलेला, पूर्ण निरोगी गर्भ. त्याच्या मज्जारज्जूच्या एका भागातल्या पेशी स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यासारख्या एका जागेहून दुसरीकडे निघालेल्या आहेत, आणि दुसऱ्या भागात रणांगणासारखा मृत पेशींचा खच पडलाय. साफसफाई करणाऱ्या पेशी ही प्रेतं उचलतायत. काहीही बिघडलेलं नसताना मरण चालू आहे. 1949 साली तिने आणि हॅम्बर्गरने यावर पेपर लिहिला.

आपल्या डोक्यात वाढ म्हणजे भर. रोज थोडं अधिक. मज्जासंस्था तशी घडत नाही. ती गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पेशी बनवते आणि मग त्यातल्या खूपशा काढून टाकते. कोंबडीच्या गर्भात हातापायांना चालवणाऱ्या मज्जापेशींपैकी साधारण निम्म्या जन्माआधीच संपतात. तुमच्या-माझ्या शरीरातही हेच घडून गेलंय. ज्या उरल्या त्या जास्त मेहनती म्हणून उरल्या असं नाही. त्यांना पलीकडच्या ऊतीकडून रसद मिळाली आणि ती सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती.

खिशातले उंदीर

ही रसद म्हणजे नक्की काय, याचा शोध म्हणजे पुस्तकाचा उत्तरार्ध. हॅम्बर्गरचा एक विद्यार्थी, एल्मर ब्यूकर, याने उंदराच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवून पाहिला होता. मज्जातंतू त्या गाठीत घुसले. त्याने 1948 साली हे छापलं आणि तो दुसऱ्या कामाला लागला. रीटा आणि हॅम्बर्गरने तो प्रयोग पुन्हा केला. रीटाला दिसलं की तंतू नुसते गाठीत शिरत नाहीत, तर गर्भाच्या रक्तवाहिन्यांमध्येसुद्धा भलतीकडेच घुसतायत. म्हणजे गाठ काहीतरी सोडतेय आणि ते विरघळून सगळीकडे पसरतंय.

हे सिद्ध करायला काचेच्या तबकडीत ऊती वाढवायची सोय हवी. ती रिओ द जानेरोमध्ये हर्था मायर या तिच्या ओळखीच्या संशोधिकेकडे होती. 1952 साली रीटा विमानाने ब्राझीलला गेली आणि गाठी असलेले दोन उंदीर लपवून सोबत नेले. तबकडीत गाठीचा तुकडा आणि जवळ मज्जागंड ठेवला. एका दिवसात गंडाभोवती तंतूंचं दाट वलय, सूर्याभोवती किरणांचं असतं तसं. रिओहून हॅम्बर्गरला लिहिलेल्या पत्रांत तिने ही वलयं शाईने काढून पाठवली आहेत. त्या पत्रांमधली घाई, आनंद आणि मधूनच हे खरं असेल ना ही शंका बघितली की वाटतं, लेखिका रीटापेक्षा पत्रलेखक रीटा सरस आहे. पत्र लिहिताना ती कुणाला तरी सांगत असते. आणि कुणाला, हे महत्त्वाचं आहे.

परत आल्यावर स्टॅन्ली कोहेन हा जीवरसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेत आला. पदार्थ वेगळा काढायचं काम त्याचं. त्यात न्यूक्लिइक आम्ल आहे का हे तपासायला, त्याच विद्यापीठातल्या आर्थर कोर्नबर्गच्या सल्ल्यावरून, त्यांनी सापाचं विष वापरलं. ते आम्ल तोडतं, म्हणजे वलय कमी व्हायला हवं होतं. झालं उलटंच, वलय प्रचंड वाढलं. विषातच तो पदार्थ ठासून भरलेला होता. विषाची ग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, मग उंदराची लाळग्रंथी बघूया म्हणून त्यांनी पाहिलं, आणि तिथे तर खजिनाच निघाला. पुढे या पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्यं नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांचे सिंपथेटिक मज्जागंड जवळपास नाहीसे झाले. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ, हा रसदीचा पहिला सापडलेला नमुना.

हा भाग वाचताना अडचणींना कमी लेखणं हा रीटाचा सिद्धान्त मला पुरेसा वाटेनासा झाला. इथे नशीब आहे. उगाच वापरलेलं विष आहे. रिओतली मैत्रीण आहे, ब्यूकरने सोडून दिलेला धागा आहे, कोर्नबर्गचा सल्ला आहे. 1959 साली विद्यापीठात जागा नाही म्हणून कोहेनला निघून जावं लागलं. त्यात रीटाच्या जिद्दीचा संबंध कुठे येतो? जिद्द होतीच. पण जिद्दीची रसद इतकी माणसं पुरवत होती.

तिसरं नाव

आणि आता हॅम्बर्गर.

1986 साली नोबेल मिळालं ते दोघांना, स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेवी-मोन्ताल्चिनी यांना. हॅम्बर्गरला मिळालं नाही. तेव्हा तो 86 वर्षांचा होता, आणि नंतर आणखी पंधरा वर्षं जगला. मूळ प्रश्न त्याचा. पद्धत त्याची. रीटाला बोलावलं त्याने. ब्यूकर त्याचा विद्यार्थी. कोहेनला आणलं त्याच्या विभागाने. 1951 आणि 1953च्या पेपरांवर रीटासोबत त्याचं नाव आहे. मज्जासंस्थेचा अभ्यास करणाऱ्या लोकांत तेव्हा उघड चर्चा झाली की हे बरोबर झालं का.

बक्षीस कुणाला द्यायचं हे रीटा ठरवत नव्हती, तिला त्याबद्दल बोल लावणं चूक. प्रश्न तिच्या पुस्तकाचा आहे, आणि ते नोबेलच्या पाठोपाठ आलंय. त्यात हॅम्बर्गरविषयी जिव्हाळा आहे. त्याचा शांत स्वभाव, त्याचा नर्म विनोद, परक्या देशात त्याने दिलेला आधार हे सगळं आहे. तोही आश्रितच होता, नाझी कायद्यामुळे फ्रायबुर्गची नोकरी गमावलेला. पण मला वाचताना जाणवत राहिलं की माणूस म्हणून तो जितका जवळ येतो, तितका संशोधक म्हणून मागे सरतो. रिओच्या पत्रांत तो सहकारी आहे. पुढच्या प्रकरणांत तो प्रेमळ यजमान होतो. एनजीएफची गोष्ट रंगते तेव्हा स्टेजवर दोनच माणसं उरतात.

याची दुसरी बाजूही मला दिसते, आणि ती खोटी नाही. हॅम्बर्गर साठच्या दशकात गर्भाच्या हालचालींच्या अभ्यासाकडे वळला. एनजीएफचं काम खरोखर रीटानेच पुढे रेटलं, तेही बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष देत नसताना. तीन नावं असती तर जगाने सवयीने काय म्हटलं असतं? हॅम्बर्गरचा शोध, कोहेनचं रसायन आणि मदतीला एक इटालियन बाई. करिअर मुलींसाठी नाही हे वडिलांकडून ऐकलेल्या बाईला 'माझं' हा शब्द ठामपणे उच्चारावासा वाटला, तर मी तिला दोष देणार नाही.

तरीही पुस्तक म्हणून इथे एक संधी हुकलीय. कारण 'मी' ठामपणे म्हणणं आणि 'आम्ही' खरं सांगणं या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात, हे याच पुस्तकात तिने वडिलांच्या आणि लेवीच्या बाबतीत करून दाखवलंय. तिथे ती न्यायनिवाडा न करता सगळं ओझं उचलते. हॅम्बर्गरच्या बाबतीत मात्र ती गोड बोलून पुढे जाते. अपूर्णतेची थोरवी सांगणाऱ्या पुस्तकात ही नेमकी अपूर्ण राहिलेली जागा आहे.

वाचलेल्यांची गोष्ट

हे एवढं का लावून धरायचं? एका दिवंगत शास्त्रज्ञाचं एक हुकलेलं बक्षीस, आपल्याला काय त्याचं?

मला त्यात आपल्या काळाचा प्रश्न दिसतो. आपण यशोगाथांवर वाढलेली पिढी आहोत. सकाळी उठल्यावर फोनवर पहिली भेटते ती अकराव्या प्रयत्नात पास झालेल्या कुणाची तरी मुलाखत. माझ्या ओळखीतल्या तिघांनी पीएचडी अर्ध्यात सोडली. एकाची फेलोशिप वेळेवर येत नव्हती, एकीचा गाइड बदली होऊन गेला, एकाच्या घरी आजारपण निघालं. तिघंही अजून स्वतःलाच विचारतात, आपण कुठे कमी पडलो? त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की कमी पडलेली गोष्ट आपल्या बाहेरही असू शकते.

रीटाचं सगळं संशोधन नेमकं हेच सांगतं. मेलेली पेशी सदोष नव्हती. पोचण्याची जागा नव्हती किंवा रसद पुरली नाही. पण स्वतःची गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा तीच रीटा झोकून देणं आणि अडचणींना कमी लेखणं, म्हणजे पेशीच्या आतले गुण, यांच्याकडे बोट दाखवते. सूक्ष्मदर्शकातून जे तिला स्पष्ट दिसलं, ते आरशात दिसलं नाही.

इथे मला लेओने गिन्झबर्ग आठवतो. ज्युसेप्पे लेवीचा जावई, नतालियाचा नवरा. जन्म एप्रिल 1909, म्हणजे रीटाच्याच महिन्यातला. ज्यू, तुरीनचाच, रशियन साहित्याचा अभ्यासक. फॅसिस्ट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून विद्यापीठातली जागा गेली. फेब्रुवारी 1944 मध्ये रोमच्या तुरुंगात छळामुळे त्याचा मृत्यू झाला. त्याच हिवाळ्यात रीटा फ्लॉरेन्समध्ये खोट्या कागदपत्रांवर, आसरा देणाऱ्या माणसांच्या भरवशावर लपून राहिली होती. झोकून देण्यात लेओने कुठे कमी होता? अडचणींना कमी लेखण्यात तर तो तिच्याही पुढे होता. एक 34व्या वर्षी गेला, दुसरी 103 वर्षं जगली, 2001 साली इटलीची आजीव सेनेटर झाली आणि 30 डिसेंबर 2012 रोजी रोममध्ये वारली. या दोन आयुष्यांतला फरक गुणांनी समजावून सांगता येत नाही.

याचा अर्थ रीटाचं कर्तृत्व कमी होतं असा मी लावत नाही. सुयांना धार तिनेच लावली, पेशी तिनेच मोजल्या, आणि हॅम्बर्गरला जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं. मला एवढंच म्हणायचंय की तिचं मोठेपण रीलच्या शिकवणीने मोजलं की लहान होतं. कारणं देऊ नका असं सांगणारी ती बाई नव्हतीच. ज्यांना बाकीचे नगण्य समजून सोडून देत, त्या मेलेल्या पेशींचं कारण शोधण्यात तिची उमेद गेली.

मराठीत शास्त्रज्ञांची आत्मचरित्रं कमी, पण जी आहेत त्यांच्याशेजारी हे ठेवून वाचण्यासारखं आहे. जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' ज्यांनी वाचलंय त्यांना नावातलाच फरक जाणवेल. तिथे नगरं आहेत, म्हणजे माणूस ज्या जागांनी घडवला त्या जागा नावातच आहेत. रीटाच्या शीर्षकात एक तत्त्व आहे. तिच्याही आयुष्यात तुरीन, सेंट लुइस, रिओ आणि रोम ही चार नगरं सहज निघाली असती.

पुस्तक वाचायला घेतलंत तर तत्त्वज्ञानाची सुरुवातीची पानं भरभर उलटा आणि वडिलांपाशी थांबा. मग झोपायची खोली, मग पक्ष्यांचे थवे आणि रणांगण, मग रिओची पत्रं. संपल्यावर एक गोष्ट करा. 1954 साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात या पदार्थावरचा एक छोटा पेपर आला होता. जेमतेम पाच पानांचा आहे, फोनवर फुकट उघडतो. तपशील नाही कळले तरी चालतील. शीर्षकाखालची नावांची ओळ बघा. स्टॅन्ली कोहेन, रीटा लेवी-मोन्ताल्चिनी, व्हिक्टर हॅम्बर्गर.